हप्ता सोमवारी, मिरची मार्चमध्ये

जयसिंगपूर हे व्यापारासाठीच वसवलेलं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला ही पेठ आखली, तिला वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं, नाव दिलं आणि सरळ रेषेत गल्ल्या पाडून व्यापारी आणून वसवले. गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात. पुढं ऊस आला आणि गावाचं आर्थिक वेळापत्रक साखर कारखान्यांच्या हाती गेलं. दरवर्षी गाळप हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद इथं भरते, पहिली उचल किती मागायची ते जाहीर होतं आणि सांगली-कोल्हापूरचे कारखानदार, शेतकरी, व्यापारी सगळेच त्या आकड्याकडं कान लावून असतात.

त्या आकड्याकडं कान लावून असणारी आणखी एक जमात आहे, तिचा उल्लेख कुठल्याच व्यासपीठावरून होत नाही. भडंग आणि कांदा-लसूण चटणी करून विकणाऱ्या, शेवया-पापड लाटून देणाऱ्या, मेसचे डबे पोहोचवणाऱ्या, ब्लाऊज शिवणाऱ्या, गारमेंटचं जॉबवर्क घरी आणणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या बायका. त्यांचं गिऱ्हाईक शेजारपाजारचं. ऊसबिल जमा झालं की चटणीची उधारी वसूल होते, नाहीतर वही पुढच्या महिन्यावर. या बायकांच्या धंद्याला पैसा कोण देतं, कसा देतं आणि तो कुठं अडतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जगाच्या पातळीवर हा प्रश्न फार मोठ्या आकड्यात मांडला जातो. विकसनशील देशांतल्या महिलांच्या लहान उद्योगांना हवं असलेलं आणि प्रत्यक्षात मिळालेलं कर्ज यांत सुमारे १.७ लाख कोटी डॉलरची तूट आहे, असा आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा काही वर्षांपूर्वीचा अंदाज. आकडा वाचून असं वाटतं की बाईला कोणी दारातच उभं करत नाही. जयसिंगपूर ज्या शिरोळ तालुक्यात आहे तिथं तरी तसं नाही. बचत गट आहेत, पतसंस्था आहेत, भिशी आहे, सोनं तारण ठेवून पंधरा मिनिटांत पैसे देणाऱ्या शाखा आहेत, आणि आठवड्याला गल्लीत येणारे फायनान्सवाले तर आहेतच. अडचण दुसरीच आहे. नीती आयोगानं मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२४ साली महिलांनी घेतलेल्या कर्जांची विभागणी दिली आहे: ४२ टक्के कर्जं वैयक्तिक गरजांची, ३८ टक्के सोनं तारणाची आणि व्यवसायासाठी म्हणून घेतलेली फक्त ३ टक्के. म्हणजे बाईला कर्ज मिळतं. धंद्याच्या नावानं मिळत नाही. ती धंदा चालवते तो मंगळसूत्राच्या नाहीतर ‘घरखर्चा’च्या कर्जावर.

याचा अर्थ हिशेबातच कळतो. कांदा-लसूण चटणीचा धंदा हा वर्षाचा धंदा वाटतो, पण त्याची खरेदी दोन-तीन महिन्यांची. फेब्रुवारी-मार्चपासून मिरची बाजारात येते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. वर्षाची मिरची तेव्हाच घेऊन, वाळवून, देठ काढून ठेवली तर ठीक, कारण पावसाळ्यात तीच मिरची चढ्या भावानं आणि दमट मिळते. खोबरं, धने, तीळ, लसूण यांचंही थोडं मागंपुढं असंच. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचं तिखट केलं जातं, तेव्हा कांडपाच्या गिरणीपुढं डबे रांगेत असतात आणि हातात पैसा असणारी बाई मिरचीचं पोतं निवडून घेते. नसणारी किलो-दोन किलोवर भागवते.

समजा, तिला या खरेदीसाठी ५० हजार हवे आहेत आणि ते तिनं गल्लीतल्या मायक्रोफायनान्स गटातून २४ टक्के व्याजानं, दोन वर्षांच्या मुदतीनं घेतले. महिन्याचा हप्ता साधारण २,६४४ रुपये बसतो, आठवड्याचा म्हटलं तर ६१० च्या घरात. दोन वर्षांत व्याज १३ हजारांच्या पुढं जातं. ते जास्त आहेच, पण तिचा धंदा व्याजानं मरत नाही. पैसे मिळाले की पुढच्याच आठवड्यापासून हप्ता सुरू होतो. मिरची अजून गच्चीवर वाळत असते. दोन महिन्यांत पाचेक हजार रुपये घेतलेल्या कर्जातूनच परत गेलेले असतात, पहिल्या किलोचे पैसे हातात यायच्या आधी. म्हणून ५० हजारांचं कर्ज घेणारी अनुभवी बाई मिरचीत चाळीसच घालते आणि दहा हजार हप्त्यासाठी डब्यात ठेवते. त्या दहा हजारांवरही ती २४ टक्के व्याज भरत असते.

आता याच तालुक्यातलं दुसरं कर्ज बघा. उसाला विकास सोसायटीमार्फत पीककर्ज मिळतं. ऊस शेतात उभा असताना कोणी दर सोमवारी हप्ता मागायला बांधावर येत नाही. ऊस तुटतो, कारखान्यात जातो, बिल होतं आणि त्यातून सोसायटीचं येणं वळतं केलं जातं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळून ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. हंगामाच्या धंद्याला हंगामी कर्ज द्यायचं असतं, हे इथल्या सावकारापासून जिल्हा बँकेपर्यंत सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फक्त ते शहाणपण सात-बाऱ्याला चिकटलेलं आहे, आणि सात-बाऱ्यावर तिचं नाव नसतं. बचत गटालाही सवलतीच्या ७ टक्के दरानं कर्ज मिळतं, त्याची मर्यादाही तीन लाखच आहे. तीन लाख एका शेतकऱ्याला आणि तीन लाख दहा-बारा बायकांच्या गटाला. हे दोन आकडे मी अजून कुठल्या भाषणात शेजारी शेजारी ठेवलेले ऐकले नाहीत.

महाराष्ट्रात बाईच्या हाती भांडवल देण्याचा इतिहास तसा लहान नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्यापेक्षा मला प्रेमा पुरव यांची गोष्ट जास्त कामाची वाटते. गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बाया महिनाभर उधारीवर जेवण घालत, वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि मधल्या काळात सावकाराच्या तावडीत असत. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांना या बायांना कर्ज द्यायला लावलं. त्या बायांचं दुखणं खेळत्या भांडवलाचं होतं. गिऱ्हाईक महिन्यानं पैसे देतं आणि किराणा आज लागतो, ही ती फट. जयसिंगपूरच्या मेसवाल्या बाईची फट आज तीच आहे.

त्याच सुमारास पुण्यात भगिनी निवेदिता बँक आणि अहमदाबादला सेवा बँक उभी राहिली, दोन्ही १९७४ मधल्या. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ चं. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकेला जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. आणि साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायांनी सह्यांऐवजी अंगठे उठवले होते. बाया काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा, असं आव्हान देऊन परवाना घेऊन आल्या. हा किस्सा आता व्याख्यानांतून घासून गुळगुळीत झालाय. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते: त्या बँकेची माणसं आठवडी बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करतात, कारण बाजार सोडून बँकेत येणं म्हणजे दिवसाच्या धंद्यावर पाणी.

केंद्र सरकारनंही नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय महिला बँक काढली. एप्रिल २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. ती जाण्यानं फार काही बिघडलं असं वाटत नाही. वेगळी पाटी लावण्यापेक्षा गावातल्या शाखेतल्या अधिकाऱ्याच्या तोंडचा प्रश्न बदलणं अवघड, आणि तेच लागतं.

बचत गटांविषयी बोलताना आपल्याकडं दोनच सूर लागतात, कौतुकाचा नाहीतर चेष्टेचा. दोन्ही बाजूला ठेवून बघितलं तर गटानं केलेलं काम मोठं आहे. दरमहा ठरलेली बचत, बैठक, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लिहिलेलं दप्तर, या पाच सूत्रांवर देशात लाखो गट उभे आहेत आणि त्यांना दिलेल्या बँककर्जातली थकबाकी अलीकडं २ टक्क्यांच्या आसपास आहे. मोठ्या उद्योगांनी बँकांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यापुढं हा आकडा बोलका आहे. गटाला १० लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन नाही. २०२१ पासून २० लाखांपर्यंतही तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

पण गटाच्या कर्जाची वाटणी कशी होते ते बैठकीला बसल्याशिवाय कळत नाही. बँकेनं तीन लाख दिले की ते बहुतेक वेळा सारखे वाटले जातात. एकीला मुलाची फी भरायची असते, एकीला शेळी घ्यायची असते, एकीला शिलाईच्या चार मशिनी टाकून बायका कामाला ठेवायच्या असतात. सगळ्यांच्या हातात तीस हजार. जिला गरज नाही तीसुद्धा घेते, कारण नाही घेतलं तर पुढच्या वेळी नाव गळेल. मग ती ते शेजारणीला आतल्या आत फिरवते, किंवा घरात खर्चून टाकते. जिला दोन लाख हवेत ती तीन गटांत नाव घालते. हा गैरप्रकार म्हणून नोंदला जातो. खरं तर ती धंदा वाढवण्याचा रस्ता शोधत असते. जामीन एकमेकींचा असल्यामुळं एकीनं फार पुढं जाणं बाकीच्यांना परवडत नाही. गरीब बाईला उभं करायला ही रचना उत्तम, उभी राहिलेली बाई पळायला लागली की तीच आडवी येते.

आणखी एक गंमत जयसिंगपूरसारख्या गावात दिसते. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियान: समूह, ग्रामसंघ, प्रभागसंघ, गावात फिरणारी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, बँकेत बसणारी बँक सखी. पण जयसिंगपूर नगरपरिषद आहे. हद्दीच्या आत शहरी उपजीविका अभियान, त्याचे निकष वेगळे, माणसं वेगळी, निधीही वेगळा. उदगाव, चिपरी किंवा धरणगुत्तीच्या बाईला जे मिळतं ते तिच्यासारखाच धंदा करणाऱ्या जयसिंगपूरच्या गल्लीतल्या तिच्या नणंदेला मिळत नाही. दोघींचं गिऱ्हाईक एकच आहे.

या पोकळीत मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. सकाळी नऊ-साडेनऊला गल्लीतल्या कुणाच्या तरी व्हरांड्यात सतरंजी पडते, दहा-पंधरा बायका बसतात, कंपनीचा पोरगा टॅब घेऊन येतो. पंचवीसच्या आतलाच असतो, स्वतः कुठल्यातरी खेड्यातला, महिन्याचं वसुलीचं टार्गेट डोक्यावर. हजेरी, पैसे मोजणं, सह्या. एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या उठत नाहीत, कारण उठून चालत नाही. पुढं ती कमी पडलेली रक्कम गटातूनच गोळा होते आणि त्या बाईचं गल्लीतलं तोंड बंद होतं. या कर्जाचं खरं तारण हे: अब्रू.

याच्या नियमांचा इतिहास थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचावरून स्फोट झाला, राज्यानं अध्यादेश काढला, मग मालेगाम समितीचा अहवाल २०११ मध्ये आला आणि व्याजाला मर्यादा बसली. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं चौकट बदलली. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नकोत. व्याजदर मात्र कंपनीच्या संचालक मंडळानं ठरवायचा. मर्यादा गेली. दुसरीकडं महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर १८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केलं. परिणाम असा की ज्या सावकाराला आपण शंभर वर्षं शिव्या घातल्या त्याला १८ टक्क्यांची वेसण आणि कंपनीला २४ टक्के राजरोस. अर्थात परवाना नसलेला सावकार महिन्याला पाच ते दहा टक्के लावतो आणि मागं माणसं पाठवतो, हेही विसरू नये. चोवीस टक्केवाले त्याच्यापुढं संतच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि पंचगंगेच्या पाण्यानं शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं वेढली. मग २०२० ची टाळेबंदी, मग जुलै २०२१ चा पूर. पंचनाम्यात घर मोजलं जातं, दुकान मोजलं जातं, जनावर मोजलं जातं. स्वयंपाकघरात चालणारा चटणीचा धंदा, भिजलेली चार पोती मिरची, गाळात गेलेलं शिलाईचं मशीन यांना रकाना नव्हता. असलं तर ते ‘घरगुती साहित्य’. हप्त्याचा रकाना मात्र होता. त्या काळात कोल्हापूर-सांगलीत मायक्रोफायनान्सची कर्जं माफ करा म्हणून बायकांचे मोर्चे निघाले. तेव्हा पुष्कळ सुशिक्षित लोकांनी नाकं मुरडली, की घेताना गोड लागलं. मला त्या मोर्चांतली माफीची मागणी पटत नाही, माफीनं पुढचं कर्ज बंद होतं. पण पुरात बुडालेल्या उसाच्या कर्जाचं पुनर्गठन होतं आणि बुडालेल्या मिरचीच्या कर्जाचं होत नाही, हे त्या बायकांना कुठल्या तर्कानं पटवायचं?

सीमेपलीकडं, चिक्कोडी-निपाणी हाकेच्या अंतरावर असलेल्या कर्नाटकात, वसुलीच्या त्रासातून आत्महत्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं जाचक वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या संघटनेनंही एका बाईला एकूण दोन लाखांहून अधिक आणि तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये असं बंधन स्वतःवर घालून घेतलं. उशिरा सुचलेलं शहाणपण. पाच कंपन्यांचे पाच वार वाटून घेतलेली गल्ली या भागात नवी नाही.

हप्ता लगेच सुरू होणं हा केवळ त्रास आहे की धंद्याचं नुकसानही, याची चाचणी कोलकात्यात झालेली आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही बायकांना नेहमीसारखं दोन आठवड्यांनी आणि काहींना दोन महिन्यांनी हप्ता सुरू होईल असं कर्ज दिलं. बाकी सगळं सारखं. काही वर्षांनी पाहिलं तर उसंत मिळालेल्या बायकांनी नवे धंदे जास्त काढले होते आणि त्यांचा नफा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. थकबाकीही त्यांच्यातच जास्त झाली, हे २०१३ मध्ये छापलेल्या त्या लेखानं लपवलेलं नाही. कंपन्यांना उसंत का नको, ते इथं कळतं. मोकळीक दिली की काहीजणी मोठा डाव खेळतात, काहींचा फसतो. नफा बाईचा होतो, बुडीत कंपनीचं. म्हणून कंपनी दोन्ही टाळते.

आता बँकेकडं वळू. कागदावर अडवणूक दिसत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्येच सांगितलं. एप्रिल २०१५ पासून मुद्रा आहे: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. मुद्राच्या खातेदारांत जवळपास ६८ टक्के महिला आहेत असं सरकार सांगतं, ते खरंच आहे. पण त्या खात्यांचा मोठा वाटा शिशूतला, आणि शिशूतलाही बराच याच मायक्रोफायनान्सच्या हातून आलेला. पन्नास हजार ते पाच लाख हा मधला जिना जिथं चढायचा तिथं बायकांची गर्दी एकदम ओसरते. उद्यम नोंदणीतही तेच चित्र. नोंदलेल्या उद्योगांत महिलांचे साधारण पाचातला एक, उलाढालीत त्यांचा वाटा दहावा. उलट अगदी बारीक, अनौपचारिक धंद्यांसाठी २०२३ मध्ये जे वेगळं नोंदणीचं दार उघडलं, तिथं सत्तर टक्क्यांच्या आसपास बायकाच.

शाखेत काय होतं? ‘तारण नको’ हे साहेबालाही माहीत असतं. तो तारण मागत नाही, जामीनदार मागतो. नवऱ्याला सहकर्जदार करा म्हणतो. विधवा किंवा टाकलेली बाई असेल तर भाऊ, दीर, सासरा यांच्यापुढं हात जोडणं आलं. लग्न न झालेली मुलगी असेल तर ‘उद्या लग्न होऊन कुठं जाणार’ हा प्रश्न तोंडावर विचारला जातो. त्यात नावांचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर अर्धं अर्धं, आणि सिबिलला त्या दोन वेगळ्या बाया. दहा वर्षं गटात एक हप्ता न चुकवलेल्या बाईचा इतिहास बँकेच्या पडद्यावर कोरा निघतो, कारण कर्ज गटाच्या नावावर होतं. सदस्यवार माहिती पतमापन संस्थांना द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्येच सांगितलं होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात गटाच्या सदस्यांसाठी ‘ग्रामीण क्रेडिट स्कोअर’ जाहीर झाला, म्हणजे नऊ वर्षांनी तोच प्रश्न नव्या नावानं पटलावर आला. जयसिंगपूर ग्रामीण धरणार की शहरी, ही मला पडलेली शंका.

आणि शेवटी सगळं येऊन थांबतं मालमत्तेवर. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायक केलं, केंद्रानं २००५ मध्ये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील हयात असोत-नसोत हा वादही मिटवला. कायदा इतका स्पष्ट, आणि तलाठी कार्यालयात हक्कसोडपत्रांची चळत तितकीच उंच. भाऊबीजेला साडी, वारस नोंदीच्या वेळी सही. सही न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं, आणि नवऱ्याशी बिनसलं तर माहेरच लागणार, हेही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम घेतली होती, शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. हजारोंनी केलीही. तिचीच परंपरा सांगणाऱ्या संघटना या भागात उसाच्या दरासाठी रस्ता अडवतात. लक्ष्मीमुक्तीचं नाव ऊस परिषदेत अलीकडं ऐकलेलं नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. त्यानं शहरात काही फ्लॅट बायकांच्या नावावर झाले. मोटिव्ह बचतीचा का असेना, उद्या बँकेत तो कागद तिच्या कामाला येईल.

कर्ज तिच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, हा विषय निघाला की पुरुष वाचक अस्वस्थ होतात, म्हणून जरा बाहेरचा दाखला देतो. बांगलादेशात ॲन मरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की महिलांच्या नावे गेलेल्या कर्जांपैकी मोठ्या हिश्श्यावर ताबा घरातल्या पुरुषांचा होता. श्रीलंकेत त्सुनामीनंतर लहान धंदेवाल्यांना अनुदान देऊन पाहिलं, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा जवळजवळ नाहीच. त्यावरून बायकांना धंदा जमत नाही असा निष्कर्ष काढायला लोक मोकळेच होते. पुढं २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा कळलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईला मिळालेला पैसा तिकडं वळतो. घरातला एकमेव धंदा तिचा असेल तर तिचा परतावा पुरुषाइतकाच. यात दरवेळी जबरदस्ती नसते. नवऱ्याच्या टेम्पोला टायर हवा असेल तर ती मिरची कमी घेते, आणि घर म्हणून तो निर्णय बरोबरही असू शकतो. चूक होते ती मोजणाऱ्यांची. तिच्या धंद्याला दिलेलं कर्ज टेम्पोच्या टायरवर खर्च झालं आणि अहवालात ‘महिला उद्योजक सक्षम’ असं लिहून आलं.

योजनांची जंत्री देत नाही. रोजगारनिर्मितीच्या पीएमईजीपी योजनेत महिलेला स्वतःचे ५ टक्के घालून ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, पण ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतं, आणि बँकेनं मूळ कर्ज मंजूर केलं तर. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. माझ्या मते यंत्राच्या अनुदानापेक्षा ते कामाचं, कारण चटणीवालीला यंत्रापेक्षा मिरची हवी असते. सरकारी माणसाला मात्र यंत्राचा फोटो काढता येतो. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना दीड हजार मिळू लागले, पुढं त्याच दीड हजाराचा हप्ता धरून चाळीसेक हजारांचं कर्ज द्यावं, असाही विचार सरकारातून बोलून दाखवला गेला. योजनेचा पैसा निवडणुकीच्या वाऱ्यावर. त्यावर दोन-तीन वर्षांचं कर्ज उभारणं म्हणजे बाईनं निकालाची जोखीम घेणं.

फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेत मात्र एक गोष्ट नीट साधली. जून २०२० मध्ये ती १० हजारांपासून सुरू झाली. तेव्हा ते फेडले की २० हजार, ते फेडले की ५० हजार मिळायचे. तारण नाही, जामीन नाही, मागचं फेडलं हाच पुढच्याचा दाखला. भाजीवाल्या बाईला जे जमलं ते चटणीवाल्या बाईला पन्नास हजारांच्या पुढं, पाच लाखांपर्यंत, असं पायरीपायरीनं का मिळू नये?

गारमेंटचं जॉबवर्क करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे. त्यांना कर्ज नको, केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हवेत. पंचेचाळीस दिवसांत देणं चुकतं करायचा कायदा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून तो न पाळणाऱ्याला आयकरात फटकाही आहे. पण त्याला बिल लागतं, उद्यम क्रमांक लागतो. मास्तर वहीत नग लिहून घेतो आणि दिवाळीला हिशेब करतो. त्या वहीच्या जोरावर कुठं तक्रार करायची?

मग मिरचीला पीककर्जासारखं कर्ज द्यायचं ठरवलं तर काय लागेल? फेब्रुवारीत रक्कम, जूनपर्यंत फक्त व्याज, आणि मुद्दल दिवाळीपर्यंत विक्रीप्रमाणं. वर्षाला आठ-नऊ महिन्यांचं कर्ज, बँकेच्या भाषेत कॅश क्रेडिटची लहान मर्यादा. बँकवाले यावर जो आक्षेप घेतात तो खरा आहे: उसाचं बिल कारखान्यातून वळतं करता येतं, चटणीचं कुठून करणार? तिचा कारखाना नाही, तिची शंभर गिऱ्हाइकं आहेत. काही वर्षांपूर्वी याला उत्तर नव्हतं. आता गल्लीतल्या प्रत्येक डब्यावर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, रोजची विक्री खात्यात दिसते, आणि त्यातून रोज थोडी थोडी रक्कम आपोआप वळती करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. ज्या दिवशी विक्री त्या दिवशी वसुली, पावसाची झड लागली तर नाही.

फक्त त्यासाठी तो कोड तिच्या खात्याला जोडलेला हवा. जयसिंगपुरात चटणी, पीठ, भाजी, डबे विकणाऱ्या कितीतरी जणींच्या टेबलावरचा कोड स्कॅन केला की पडद्यावर नवऱ्याचं नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं नाव येतं, कारण स्मार्टफोन त्याच्याकडं होता आणि खातं त्यानंच जोडून दिलं. तिनं वर्षभर विकलेल्या मालाचा सगळा पुरावा त्याच्या पासबुकात जमतोय. बचत गटांच्या बैठकीत कुणी एक दिवस फक्त हे कोड बदलून द्यायचं काम केलं, तरी पुढच्या फेब्रुवारीत शाखेत दाखवायला तिच्याकडं सहा महिन्यांचा तिच्या नावाचा उतारा असेल.